पेरीना पाहुणी निघाली

विन्का: काय म्हणालीस तू त्या बाईला? पुन्हा म्हण. मला ऐकायचंय.

पेरीना: काही नाही म्हणाले.

विन्का: "खोली हवी का, खोली? स्वच्छ आहे, समुद्र दिसतो, सकाळची कॉफी आमची." हे कोण म्हणालं मग? धक्क्यावरचं मांजर?

पेरीना: अगं, निघून गेलं तोंडातून! बोट लागली, माणसं उतरायला लागली, आणि तोंड आपलं आपण सुरू झालं. चाळीस वर्षं झाली विन्का, बोट लागली की हाक मारायची. आज मी इथं पाहुणे न्यायला नाही, बोटीत बसायला आलेय, हे माझ्या तोंडाला कुणी सांगितलंच नाही!

विन्का: आणि ती हो म्हणाली?

पेरीना: लगेच! म्हणाली, नळावर पाणी भरून येते. ती बघ, भरतेय. एवढीशी पिशवी आहे पाठीवर. काय करू गं आता?

विन्का: घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! महिनाभर आमचे कान किटवलेस. या बोटीनं पलीकडचं स्प्लिट बंदर, संध्याकाळी तिथून इटलीचं जहाज, सकाळी अँकोना, मग गाडीनं फाएन्झा, आणि स्टेशनवर मारिलेना. पोपटासारखं पाठ झालंय मला. बोट तासाभरात उलटी निघेल, आणि तू पाहुणी पकडून बसलीस.

पेरीना: मी नाही पकडली, ती पकडली गेली.

विन्का: जा आणि सांग तिला, चूक झाली.

पेरीना: मी? हाकेला ओ दिलेल्या पाहुण्याला परत पाठवू? या धक्क्यावर असं कधी झालंय? एकदा जिच्या हाकेला पाहुणा थांबला, त्याला झोपवायची जबाबदारी तिची. तूच तर हा नियम साऱ्या बायकांना ऐकवायचीस.

विन्का: ऐकवायचे. तेव्हा माझ्याकडे खोल्या होत्या. आता पोरानं सगळ्याची अपार्टमेंटं केली. फोनवर नोंदणी, दाराशी आकड्यांच्या कुलपाचा डबा, किल्ली त्या डब्यात. पाहुणा येतो कधी, जातो कधी, मला त्याचं तोंडही दिसत नाही. मी आपली 'खोली मिळेल' लिहिलेला पुठ्ठा घेऊन येते इथं.

पेरीना: तेच मी म्हणते. द्यायला खोली नाही, मग पुठ्ठा कशाला धरतेस?

विन्का: हात रिकामे बरे दिसत नाहीत. आली बघ ती. गोड बोल.

क्वेता: नमस्कार! पाणी छान आहे तुमच्याकडचं. मी क्वेता. चेक आहे, ओलोमौत्सची. जरा सावकाश बोललात तर मला सगळं कळतं. आपल्या भाषा चुलत बहिणीच आहेत.

विन्का: चेक! म्हणजे डबे घरून आणले असणार.

क्वेता: ऐकू आलं मला. हो, आणले. पाव आणि मांसाचे तळलेले तुकडे. बोटीवर संपवले. आता आठवडाभर इथलं खाणार. चला, तुमचं घर कुठल्या बाजूला?

पेरीना: घर ना? ते काय, चर्चच्या मागे. पण बाई, एक गंमत झालीय. म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल का ते माहीत नाही.

विन्का: मी सांगते. ही बया स्वतःच प्रवासाला निघालीय. आयुष्यात पहिल्यांदा. याच बोटीनं. आणि सवयीनं तुम्हाला हाक मारून बसली.

क्वेता: पहिल्यांदा? कुठं निघालात?

पेरीना: इटलीत! फाएन्झाला! अहो, तिथली मारिलेना म्हणून बाई वीस-बावीस उन्हाळे माझ्याकडे राहिली. मागच्या खोलीत, जिथं खिडकीत अंजिराचं झाड येतं ना, तिथं. आधी नवऱ्याबरोबर यायची, तो गेल्यावर एकटी. मग तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं. दर वर्षी म्हणायची, पेरीना, आता तू ये. दर वर्षी मी म्हणायची, सीझन आहे. आता ती घर विकतेय. पुढच्या महिन्यात मुलाकडे तोरिनोला जाणार. फोनवर म्हणाली, "या घरात एकदा तरी तुला जेवू घालायचंय मला, नंतर हे घर माझं नसेल." मग मी तिकीटच काढलं!

क्वेता: अहो, मग थांबलात कशाला? केवढी छान गोष्ट आहे ही! मला दुसरी खोली मिळेल.

पेरीना: मिळेल हो, पण मी हाक मारली ना तुम्हाला. तशी मी पुढच्या आठवड्यातही जाऊ शकते. तुमचा मुक्काम झाला की.

विन्का: पुढच्या आठवड्यात! मला वाटलंच. नाचता येईना, अंगण वाकडं. पाहुणी हे नुसतं निमित्त आहे, क्वेताबाई. हिला भीती वाटतेय.

पेरीना: मला? भीती? मी काय लहान आहे?

विन्का: मग ती पेटी उघड. उघड ना! कालपासून कुणाला हात लावू देत नाहीये. बघू दे यांना, प्रवास केलेल्या आहेत.

क्वेता: केलेला आहे थोडा. मी टपाल वाटायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर गावांची नावं वाचली. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता ती गावं बघू. पेन्शन बेताची, म्हणून हळूहळू आणि स्वस्तात बघते. पोर्तो, ल्युब्लियाना, पालेर्मो. पण बाई, ही पेटी तर दोघांनी उचलायची आहे.

पेरीना: तशी जड नाहीये. चाकं आहेत खाली.

क्वेता: चाकं गुळगुळीत फरशीवर चालतात. जुन्या गावात दगडी रस्ते असतात, तिथं चाकं म्हणजे शत्रू. जी पिशवी पाठीवर घेऊन तीन जिने चढता येतात, तेवढंच आपलं सामान. उघडा बघू.

पेरीना: हे ऑलिव्हचं तेल. हे खारवलेले मासे. ह्या केपरच्या कळ्या, खारातल्या. सुकी अंजिरं. ही राकिया, कॅरोबच्या शेंगांची घरची दारू.

क्वेता: आणि खालचं हे पांढरं काय? चादरी?

पेरीना: दोन चादरी, उशीचा अभ्रा, टॉवेल. आणि साबण.

विन्का: अगं बाई! पाहुणी म्हणून निघालीस की इस्पितळात?

पेरीना: तुला नाही कळणार का? दोन रात्रींसाठी कुणी येतं आणि तेवढ्यासाठी चादर, अभ्रा, टॉवेल सगळं धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. त्यात मारिलेनाचा खुबा तसला! म्हटलं, आपली चादर आपण अंथरावी, सकाळी काढून घ्यावी. तिला कळायचंही नाही कुणी झोपलं होतं ते.

क्वेता: पेरीनाबाई, तिला ते कळायलाच तर हवंय.

पेरीना: म्हणजे?

क्वेता: महिनाभर ती तुमच्यासाठी खोली झाडत असेल. चादर इस्त्री करून पलंगावर ठेवली असेल. तुम्ही स्वतःची चादर काढलीत तर काय वाटेल तिला?

विन्का: बघ! मी हेच म्हणत होते.

पेरीना: तू इस्पितळ म्हणालीस.

क्वेता: एक चादर राहू द्या. जहाजावर झोपायची केबिन घेतलीय की नुसतं डेकचं तिकीट?

पेरीना: डेकचं. केबिन फार महाग. मी ठरवलं होतं, रात्रभर खुर्चीत ताठ बसून राहायचं.

क्वेता: ताठ कशाला? जहाजावर शिरल्या शिरल्या सगळे खाण्याच्या रांगेत उभे राहतील. तुम्ही तिकडे जाऊ नका. आधी आतल्या बैठकीत जा, भिंतीकडचा लांब बाक धरा, चादर अंथरा आणि चपला काढा. चपला काढल्या की बाक तुमचा झाला, कुणी उठवत नाही. खायला बरोबर काय घेतलंय?

पेरीना: भरलेला पाव, आमचा पोगाचा. सकाळीच भाजलाय. आत मासे आणि कांदा.

क्वेता: राजेशाही झोप लागेल तुम्हाला! पहाटे मात्र बाहेर जा. समुद्रातून इटली वर येताना दिसते. तेवढ्यासाठी मी दोनदा त्या जहाजानं गेलेय.

पेरीना: ऐकलंस विन्का? इटली वर येते! आणि अँकोनाला उतरले की? गाडी? मारिलेनाचा मुलगा म्हणाला, जलद गाडीचं तिकीट आधी काढा, नाहीतर महागात पडेल.

क्वेता: जलद गाडी हवी कुणाला? साधी गाडी घ्या, गावोगाव थांबणारी. तिचं तिकीट आज काढा नाहीतर महिनाभर आधी, भाडं सारखंच. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते आणि थेट फाएन्झाला सोडते. एकच लक्षात ठेवा. कागदी तिकीट असलं तर फलाटावर एक छोटं यंत्र असतं, त्यात ते घालून शिक्का मारून घ्यायचा, मगच चढायचं. शिक्का नसला तर दंड. तिथं रडून उपयोग होत नाही. मी रडून पाहिलंय.

पेरीना: शिक्का. शिक्का. विन्का, तूपण लक्षात ठेव.

विन्का: मी कशाला? मी इथंच आहे.

क्वेता: पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ असतात. कॉफी उभ्यानं प्यायची. टेबलाशी बसलात की बसण्याचेही पैसे लागतात.

पेरीना: मी तर जन्मभर उभीच आहे. ते जमेल.

क्वेता: आणि ज्या खाणावळीच्या दारात माणूस उभा राहून बोलावतो, तिथं चुकूनही जायचं नाही.

पेरीना: का हो? मीसुद्धा उभी राहूनच बोलावते!

विन्का: हाहाहा! सापडली!

क्वेता: तुम्ही झोपायला बोलावता, ते खिसा कापायला. फरक आहे. आत बघायचं, दुपारी एकच्या सुमाराला. कामाचे कपडे घातलेली माणसं जेवत असतील, आणि आज काय केलंय ते हातानं फळ्यावर लिहिलेलं असेल, तर बसा. जे शेजारच्या ताटात असेल ते मागा. भाषा लागत नाही, बोट पुरतं.

पेरीना: माझे पाहुणेही असंच करायचे! बोट दाखवून वांगी मागायचे. आणि मी हसायची त्यांना. आता फाएन्झातली माणसं मला हसतील!

क्वेता: हसू द्या. हसलेला माणूस जास्त वाढतो. हे घ्या, सफरचंद. आमच्या बागेतलं आहे. खा बघू, चेहरा उतरलाय तुमचा. सकाळपासून काही खाल्लं नसणार.

पेरीना: अय्या, किती लाल आहे! थांबा, चाकू आहे माझ्याकडे. ही मोठी फोड तुम्हाला. ही तुला, विन्का. बी काढून देते, थांब, तुझे दात...

विन्का: बघा! बघा क्वेताबाई, काय चाललंय! सफरचंद तुम्ही हिला दिलंत, आणि ही आपल्याला वाढतेय. स्वतःला काय ठेवलंस गं? साल?

पेरीना: मला सालच आवडते.

विन्का: खोटारडी. अशी निघालीय पाहुणी व्हायला. तिथं मारिलेना कॉफी आणेल आणि ही कप हिसकावून घेऊन विसळायला लागेल. ती बिचारी काठी टेकत हिच्यामागे पळेल.

पेरीना: आहे मला भीती! झालं समाधान? जहाजाची नाही, गाडीची नाही. मला बसता येत नाही विन्का. माझा नवरा असतानासुद्धा मी जेवताना उभी असायची. कुणी माझ्यापुढे ताट ठेवलं की मला वाटतं, आपण काहीतरी चोरतोय. मारिलेना तिचं चांगलं ताट काढेल, टेबलावर कापड घालेल, आणि मी काय करू? हातांचं काय करू मी? चाळीस वर्षं मी लोकांना बस म्हटलंय. मला कुणी बस म्हटलं की काय करायचं असतं, तेच मला माहीत नाही.

विन्का: अगं, रडतेस काय? लोक बघताहेत.

पेरीना: बघू दे.

क्वेता: पेरीनाबाई, माझं ऐका. तिकीट कुठं स्वस्त, कुठं झोपायचं, काय खायचं, हे कुणीही सांगेल. पण कुणाच्या घरी जायला मिळणं, हे कुठल्याही तिकिटात बसत नाही. पालेर्मोत मी खोली घेतली होती. तुमच्यासारखीच आग्रह करणारी बाई होती ती. पहिल्या दिवशी मी नको नको म्हणत राहिले. तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिनं पास्ता आणला, मी बसले, खाल्लं आणि म्हटलं, अजून. एवढंच. अजून म्हटलं की त्या बाईचं घर आपल्याला उघडतं. मग तिनं सुनेची गाऱ्हाणी सांगितली, भावाचे फोटो दाखवले, बाजारात बरोबर नेलं. नऊ दिवस मी शहर पाहिलं नाही, तिला पाहिलं. माझा सगळ्यात चांगला प्रवास तो.

पेरीना: अजून म्हणायचं.

क्वेता: अजून म्हणायचं, आणि उठायचं नाही. हात मांडीवर. जमेल?

पेरीना: मांडीवर. जमेल असं वाटतंय. अहो, मारिलेनाला मीसुद्धा तेव्हाच ओळखलं, जेव्हा ती अजून म्हणाली! माशाचं कालवण होतं. आधीचे सगळे पाहुणे थँक्यू म्हणून उठायचे. ही म्हणाली, अजून आहे का?

विन्का: भोंगा झाला पहिला. गाड्या चढताहेत बोटीत. काय ते ठरव आता.

पेरीना: पण यांचं काय? मी हाक मारली ना यांना.

विन्का: किल्ली दे.

पेरीना: कुणाला?

विन्का: मला. मी नेते यांना तुझ्या घरी. सकाळची कॉफी करते, चादर बदलते, दुपारी वांगी करून खायला घालते. तू येईपर्यंत.

पेरीना: तू? माझ्या स्वयंपाकघरात? त्या डच कुटुंबावरून भांडण झालं, तेव्हापासून तू माझा उंबरठा ओलांडला नाहीस.

विन्का: तू ओलांडू दिला नाहीस.

पेरीना: ते माझ्या हाकेला थांबले होते!

विन्का: माझ्या हाकेला थांबले होते! तुझा आवाज मोठा, म्हणून तिकडे वळले!

क्वेता: बाई, बोट.

पेरीना: माझी कॉफीची किटली डाव्या चुलीवर ठेवतात. उजवी पेटत नाही.

विन्का: माहीत आहे मला. पूर्वीही पेटायची नाही.

पेरीना: आणि कॉफी उतू जाऊ द्यायची नाही.

विन्का: मी नव्वद पाहुण्यांना कॉफी दिलीय एका उन्हाळ्यात, आणि मला शिकवतेस! दे किल्ली. पेरीना, अगं, दे गं. माझ्या घरात किल्ली डब्यात असते. कित्येक दिवसांत कुणाला पलंग दाखवला नाही मी.

पेरीना: घे. अंजिराच्या खोलीत झोपव यांना. ही दुसरी चादर अंथर, इस्त्रीची आहे. साबण आणि टॉवेलही ठेव. आणि हे घे, केपर नको मला, तेलही एकच बाटली नेते. राकिया?

क्वेता: राकिया न्या. राकिया नेहमी न्यावी.

पेरीना: आता बघा! उचलता येतेय पेटी! क्वेताबाई, माझ्या घरात नीट राहा हं. काही लागलं तर हिला सांगा. तोंडानं फटकळ आहे, पण पाहुण्याला उपाशी ठेवत नाही.

क्वेता: मी अजून म्हणेन.

विन्का: दे इकडे ती पेटी, मी नेते बोटीपर्यंत. दे म्हणते ना!

पेरीना: माझी मी...

विन्का: पहिला धडा आत्ताच विसरलीस? हात मांडीवर.

पेरीना: चालताना कसे ठेवू मांडीवर? हाहा! बरं, ने बाई, ने. अगं, मी निघाले! विन्का, मी खरंच निघाले!

(बोट सुटते.)

क्वेता: दिसतात का हो तुम्हाला? माझा चष्मा पिशवीत आहे.

विन्का: दिसतेय. वर डेकवर गेलीय. पेटी मध्येच ठेवलीय, लोक अडखळताहेत. आता कुणीतरी तिला जागा देतंय बाकावर.

क्वेता: बसल्या का?

विन्का: नाही. कठड्याशी गेलीय. पण भलत्याच बाजूला. धक्का इकडे, आणि ही तिकडे तोंड करून उभी. मी एवढा हात हलवतेय, रुमाल हलवतेय, आणि ही मेली एकदाही वळून बघत नाही.

क्वेता: मी मारू का हाक? माझाही आवाज मोठा आहे.

विन्का: नको. बघू दे तिला.